बाबांच्या खोलीतला वूफर

बायकोचं म्हणणं साधं होतं. बाबांच्या खोलीत काहीतरी कर, नाहीतर सरळ कुलूप लाव. चार वर्षं ती खोली तशीच पडून होती. कॉट काढली, गादी देऊन टाकली, पण आई त्या उंबऱ्याच्या आत आली नाही. केर काढतानासुद्धा बाहेरून वाकून जेवढा पोचेल तेवढाच झाडू मारायची. मी म्हटलं, तिथे होम थिएटर करतो. विकतचं नाही, स्वतः बनवतो. पाच स्पीकर आणि एक वूफर. पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वायरमन बोलावणारा माणूस आता सुतारकी करणार म्हटल्यावर बायकोने जसं बघायचं तसं बघितलं. बघू दे. आमच्याकडे हट्ट वडिलोपार्जित आहे.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मला त्या खोलीची भीती वाटायची. पन्नाशीच्या माणसाने असं म्हणू नये, पण वाटायची. तिथे इतका आवाज भरून टाकायचा की दुसरं काही ऐकूच येणार नाही, असा माझा बेत होता.

बाबा सातपूरला एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. म्हणजे जो लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाग ओतायचा असेल, त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा. तो वाळूत दाबला की पोकळी तयार होते आणि तिच्यात वितळलेला धातू ओततात. तीस वर्षं लाकडाचा भुसा आणि फाउंड्रीची धूळ नाकातोंडात गेली, आणि शेवटची दोन वर्षं त्यांच्या छातीने त्याचा हिशेब काढला. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजायची, बाहेर येताना फुस्स. रात्रंदिवस. मला त्या आवाजाची चीड यायची. लिहायला लाज वाटते, पण यायची. जेवताना तो आवाज, फोनवर बोलताना तो आवाज. कधीकधी मी उठून मुकाट्याने दार लोटून घ्यायचो.

ते गेले तेव्हा रविवारची दुपार होती. ते खोलीत, मी हॉलमध्ये मॅच बघत होतो, आई स्वयंपाकघरात. मधलं दार उघडंच होतं. टीव्हीचा आवाज मोठा होता, मला काही ऐकूच आलं नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, आईला तर शंभरदा सांगितलं. आवाज मोठा होता हे खरं आहे. तो मी त्यांचा श्वास वाढल्यावर वाढवला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आईला ते कधीच कळू नये, एवढ्याच एका गोष्टीला मी चार वर्षं जपत आलो.

तर स्पीकर. रीतसर अभ्यास केला, व्हिडिओ बघून बघून डोळ्यांचा पार भुगा केला. छोटे पाच डबे बऱ्यापैकी जमले, कारण त्यांचं लाकूड दुकानातूनच मापाने कापून मिळालं होतं. वूफरची पेटी मोठी, तिथे मात्र मला चेव चढला. पुढची आणि मागची फळी, गोल भोकं नीट यावीत म्हणून, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर कापून घेतली. चारही बाजू मात्र मी घरी आखल्या आणि कापल्या. बाबांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली. करवत, गुण्या, रंधा, आणि त्यांची ती स्टीलची पट्टी. पट्टी हातात घेतल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाबांच्या मापाने काम करू. किती चुकीचं बोलत होतो ते पुढे कळलं.

पेटी जोडली तर पुढची आणि मागची फळी आत खुळखुळायला लागली. चारी बाजूंनी दोन-दोन, अडीच-अडीच मिलिमीटरची फट. मी तीनदा मोजलं. पट्टी म्हणत होती, माझ्या बाजू बरोबर आहेत. म्हणजे मशीनवाल्यानेच फळ्या छोट्या कापल्या. त्याला घरबसल्या चार शिव्या हासडल्या आणि फटीत पुट्टी दाबून भरली. वरून काळा रंग मारला. दिसायला पेटी झकास झाली होती, मीच तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको शाळेत शिकवायला गेलेली, आई हॉलमध्ये भाजी निवडत बसलेली. मी एक युद्धाचा सिनेमा लावला. विमानं लांबून येतात, तो खालचा घुमणारा आवाज सुरू झाला. जमीन थरथरली. मी खूश. आणि त्या घुमण्याच्या आतून, कोपऱ्यातून, शिट्टी ऐकू आली. बारीक. मग फुस्स. मग परत शिट्टी.

बंद केलं, थांबलं. परत लावलं, त्याच जागी परत सुरू. मी काय केलं असेल? रिमोट उचलून आवाज वाढवला. विचार केला नाही, हात आपोआप गेला. आणि जसजसा आवाज वाढत गेला, तसतसा तो श्वासही वाढत गेला. बाबा दम लागून कॉटवर उठून बसायचे, तेव्हा जसा यायचा अगदी तसा. मला तिथून पळावंसं वाटलं.

मागे वळलो तर दारात आई. हातात मेथीची जुडी तशीच.

"ह्यांचा आहे," ती म्हणाली.

"काय ह्यांचा? हवा लीक होतेय पेटीतून," मी खेकसलो. "त्या मशीनवाल्याने वाट लावलीय माझी."

चार वर्षांत पहिल्यांदा तिने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी प्लग खेचून काढला.

संध्याकाळची वाट न बघता मी गाडी काढली आणि तणतणत वर्कशॉप गाठलं. मालक म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, त्याच्याकडे उरलेला एक तुकडा मोजून दाखवला, आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाने मोजलं?"

मी ऐटीत पिशवीतून बाबांची पट्टी काढली. त्याने ती उजेडाकडे तिरपी धरली, टोकावरची झिजलेली अक्षरं वाचली आणि हसला. चेष्टेने नाही, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

"ही पॅटर्नवाल्याची पट्टी आहे. धातू गार झाला की आकसतो. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करायचा असतो. दरवेळी बेरीज कोण करणार? म्हणून पट्टीच वाढीव आखलेली असते. हिच्यावरचं दर माप जरा जास्तच भरतं. तुमच्या वडिलांची का?"

मी हो म्हणालो. माझ्या बाजू मोठ्या झाल्या होत्या, त्याच्या फळ्या बरोबर होत्या. फटीतली पुट्टी हादऱ्याने तडकली होती आणि तिथून पेटी हवा ओढत होती, सोडत होती. एवढंच. भुताखेताचं काही नाही. त्याने फटीत घट्ट बसेल अशी लाकडी पट्टी कापून दिली, वरून रबरी सीलची गुंडाळी दिली. मी माफी मागितली. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण येताना पूर्ण त्र्यंबक रोडभर ती शिट्टी कानातून गेली नाही.

घरी आलो तर आई अजून त्याच खोलीत. भाजी निवडून झालेली, पाय पसरून बसलेली. मी पेटी आडवी केली आणि मागचे स्क्रू काढायला घेतले. तिला सगळं समजावून सांगितलं, पट्टीचं, आकसण्याचं, फटीचं. तिने मान डोलावली. नवऱ्याचं काम तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"मग आता बुजवणार?" तिने विचारलं.

"हो. आता यायचा नाही आवाज."

"एकदा लाव ना त्याआधी."

मला नाही म्हणायचं होतं. पण तिचा चेहरा बघून स्क्रू परत आवळले, प्लग लावला आणि तीच विमानं आणली. शिट्टी, फुस्स. शिट्टी, फुस्स. आई डोळे मिटून ऐकत होती. मी रिमोट हातात धरून उभा होतो, आणि माझ्याच्याने ते सहन होईना. मी सिनेमा थांबवला.

"आई, मला ऐकू येत होतं त्या दिवशी," मी म्हणालो. "त्यांचा श्वास वाढला होता. म्हणूनच मी टीव्ही मोठा केला. मी खोटं बोललो सगळ्यांशी."

वाटलं, आता ती उठून जाईल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मला तेच हवं होतं.

"माहितीये," ती म्हणाली. "मला ओट्यापाशी ऐकू येत होतं, मिक्सर चालू असताना. तुला हॉलमध्ये कसं येणार नाही?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने मेथीच्या काड्या गोळा करून पदरात घेतल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"कुठल्या तोंडाने बोलू? मला वाटलं, तू आहेस ना जवळ. म्हणून मी चटणी वाटून पुरी केली."