शिवराजचे अडसर

चहात साखर जास्त पडली तरी शिवराजला संशय येई. "आज काय मागायचंय?" असं तो बायकोला विचारी, आणि बिचाऱ्या करिश्माचा हात नुसता सैल सुटलेला असे. एसटीचा कंडक्टर हसून बोलला, तर हा पठ्ठ्या तिकीट उलटंपालटं करून बघणार. उमरग्यात हायवेलगत त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान. वाढदिवस, निवड, अभिनंदन. तालुक्यातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे त्याच्याच मशीनमधून निघालेले. वर मोठा चेहरा कुणाचा आणि खाली तिकिटाएवढ्या फोटोंच्या रांगेत कुणाला कोंबायचं, यावरून भांडणं व्हायची तीही त्याच्याच काउंटरवर. म्हणून माणसावरचा विश्वास उडाला, असं तो सांगे. खरं म्हणजे तो आधी होता कधी, हे करिश्मालाही आठवत नसे.

रविवारी दुपारी मात्र शटर अर्धं खाली ओढून आत वेगळाच कारभार चाले. इंद्रजित हा त्याच्या उमरग्याजवळच्या गावातला, एकाच आळीतला, शाळेपासूनचा मित्र. तो काही वर्षं हैदराबादला नोकरीला होता. परत येऊन त्यानं बी-बियाण्यांचं दुकान टाकलं, पण येताना सोबत एक खेळ आणला: अंगठ्याएवढे रंगीत सुपरहिरो, कुणी उडणारा, कुणी आग ओकणारा. दोन्ही बाजूंना सारखेच गुण मिळायचे आणि त्या गुणांत बसेल तशी आपली फौज निवडायची. शिवराजनं जुन्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पाठीवर चौकोनाचौकोनांचं शहर छापलं, तोच पट. शेजारचा मोबाइलवाला आणि दवाखान्यातला कंपाउंडर एकीकडे, हे दोघे मित्र दुसरीकडे.

बाकीचे महागड्या हिरोंवर जीव टाकत. शिवराजचा जीव होता स्वस्तातल्या, बिननावाच्या पहारेकऱ्यांवर. त्यांना तो अडसर म्हणे. असला एक दारात उभा केला की समोरचा बलदंड हिरो तिथंच अडतो. पहारेकऱ्याला हाणून पाडण्यात त्याचा डाव जातो, तोवर आपला मोठा गडी मागून मोक्याच्या जागी पोचतो. अडसर निवडावा तो शिवराजनंच. तो एकेक पहारेकरी बोटांत फिरवून बघे, मंडईत वांगी निवडावीत तसा. "त्यो स्वस्त पायजे," तो म्हणे. "दोन दणके खाऊन उभा राहिला पायजे. आन् पडला तर कुणाच्या डोळ्यात पाणी न्हाय आलं पायजे." इंद्रजित हसून म्हणे, "लई निर्दयी हायस बाबा."

गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तेव्हा हाच इंद्रजित दुकानात येऊन म्हणाला, "आपल्या वॉर्डातून तू उभा राहा. शरणबसप्पाला कुणीतरी आडवं जायलाच पायजे."

शरणबसप्पा म्हणजे ट्रकमालक. वॉर्ड आपल्या नावावर सातबारा असल्यासारखा वापरणारा.

"म्याच कायला? तू का न्हाय?" शिवराजनं लगेच विचारलं.

"तुला लोक वळखत्यात. मला कोण इचारतंय?"

उत्तर सरळ होतं, आणि शिवराजला सरळ उत्तराचंच जास्त भय वाटे. तरी तो हो म्हणाला. कारण त्याच्या मनात एक हौस होती, जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. उभ्या तालुक्याचे चेहरे छापले, स्वतःचा कधी छापला नव्हता. अर्ज भरला त्याच दिवशी त्यानं कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर स्वतःचा फ्लेक्स मांडून ठेवला. चेहरा असा मोठा की गावच्या फाट्यावरून दिसावा.

छाननीत अर्ज पास झाला. त्याच संध्याकाळी शरणबसप्पा दुकानात आला. नातवाच्या बारशाचा फ्लेक्स सांगितला, पान जुळवलं आणि जाताजाता सहज म्हणाला, "इंद्रजितनं बी भरलाय की फॉर्म, तुज्याच वॉर्डातनं. तुला ठावं न्हाय व्हय?"

शिवराजच्या हातातला माउस थांबला. मोठा उमेदवार आपल्यासोबत एक डमी उभा करतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकाचा अर्ज बाद झाला तर दुसरा असावा म्हणून, नाहीतर मतं खायला म्हणून. दोघांतला एक खरा असतो आणि एक टाकाऊ. इंद्रजितनं आपल्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? शिवराजनं स्वतःलाच बोटांत फिरवून बघितलं. स्वस्त, होय. दणके खाणारा, होय. पडला तर रडणारं कोण, तर एक करिश्मा.

रविवारी खेळायला बसले तेव्हा त्याचं लक्ष पटावर नव्हतंच, इंद्रजितच्या तोंडावर होतं. खेळात शिवराजचा मोठा गडी गल्लीत कोंडला गेला आणि अडसर सगळे संपले होते. तेव्हा इंद्रजितनं आपला सगळ्यांत महागडा, लाल झग्याचा हिरो उचलला आणि सरळ दारात उभा केला. "जाऊ दे ह्यो," तो म्हणाला. "तुजा गडी पुढं गेला पायजे." कंपाउंडर चकित झाला. असा हिरो कुणी अडसर म्हणून वापरतं का? शिवराजनं मनात खूणगाठ बांधली: एवढं लोणी लावायलाय, म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपता संपता, तो तहसीलच्या पायऱ्या चढला आणि सही करून अर्ज काढून घेतला. बाहेर येताना त्याला हलकं वाटत होतं. कुणाच्या दारात उभं राहून मरायचं नव्हतं त्याला.

फाटकाशी इंद्रजित भेटला, वकिलाकडं निघालेला, हातात चहाचे दोन कप. "हितं काय करायलास?"

"माजा काढून घेतला. आता लढ तू, तुज्या डमीशिवाय."

"आरं, माजा म्या सकाळीच काढला! तुजी घरपट्टीची पावती वडलांच्या नावावर हुती. वकील म्हणाले, अर्ज उडाला तर वॉर्ड मोकळा राहील, म्हणून म्या डमी भरला. तुजा पास झाला, मग माजं काय काम?"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"डमी समदेच भरत्यात. त्यात काय सांगायचं? तू तर फ्लेक्सवाला." आणि मग हळू आवाजात, "आन् तू इचारायचंस की रं. मला एकदा इचारायचंस."

दोन्ही कप कट्ट्यावर ठेवून तो निघून गेला. शिवराजला त्याच्यामागं धावावंसं वाटलं आणि लाजेनं पाय उचलेना. आत घड्याळात तीन वाजून गेले होते, मुदत संपली होती. वॉर्डात आता एकच नाव उरलं होतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं एका शरणबसप्पाचं बोलणं तेवढं गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शरणबसप्पा हार घातलेल्या गळ्यानंच दुकानात आला. बिनविरोध निवडीचा फ्लेक्स हवा होता, फाट्यावर लावायला. मोठा चेहरा त्याचा, खाली रांगेत हितचिंतक. फोटो देऊन झाल्यावर तो काउंटरवर वाकला आणि मनापासून, अगदी प्रेमानं म्हणाला, "तुजा बी टाक शिवराज, खाली. तुज्यामुळंच झालं की समदं."

शिवराजनं कॉम्प्युटरवर आपला तो इस्त्रीच्या शर्टातला फोटो उघडला. पडदाभर पसरलेला स्वतःचा चेहरा थोडा वेळ बघितला. मग कोपरा धरून तो लहान करत गेला, तिकिटाएवढा होईपर्यंत, आणि रांगेच्या टोकाला नेऊन ठेवला.