सासूबाईंच्या फोनातला पासवर्ड

धाकट्या जावेचं मी चारचौघांत कौतुक करायचे. खरं म्हणजे तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. फुलचूरला आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. सासूबाई राहायच्या, जेवायच्या माझ्याकडे आणि दुपारी फोन घेऊन बसायला जायच्या तिच्याकडे. तिच्याकडे वायफाय होतं, नागपूरची नणंद फोनात दिसायची. त्यासाठीच जातात, असं मी मनाशी ठरवलं आणि हट्टाने घरी राउटर बसवून घेतला.

वायफायला पासवर्ड मुद्दाम ठेवला नाही. सासूबाईंना बारीक अक्षरं दिसत नाहीत, फोन आपोआप लागायला हवा. दोन दिवस त्या माझ्याकडे बसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिकडे. नेट रखडत होतं, मला वाटलं त्यामुळेच. महिनाभर कुढले आणि शेवटी नाक मुठीत धरून जावेलाच बोलावलं. ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची.

तिने राउटर उलटा करून खालची चिठ्ठी वाचली आणि सेटिंगमध्ये शिरली. सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड मी बदललाच नव्हता. असा ठेवला तर गल्लीतलं कुणीही आत शिरून तुम्हालाच बाहेर काढेल, म्हणाली. मग जोडलेल्या फोनांची यादी उघडली. अकरा फोन. समोरच्यांचे, मागच्यांचे. शेवटच्यावर तिने बोट ठेवलं.

"बाई, हा तर आईंचा."

सासूबाई तेव्हा तिच्याच घरी बसलेल्या. तिने आपल्या वायफायचा पासवर्ड पंधरा दिवसांमागे बदलला होता, तो त्यांच्या फोनात टाकायचा राहिला होता. म्हणजे पंधरा दिवस त्या नेट माझं वापरत होत्या आणि बसत होत्या तिच्याजवळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने सेटिंगचा एक आणि वायफायचा एक, असे दोन वेगळे, लांबलचक पासवर्ड ठेवायला लावले. नुसतं बटण दाबून फोन जोडायची सोयही बंद केली. आईंच्या फोनात मी टाकते, असं मी तिला सांगितलं. टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई फोन घेऊन आल्या. "नेट काऊन येऊन नाही राहिला वो?"

मला राहवलं नाही. नेट माझं, मग रोज तिकडं काऊन जाता, असं सरळ विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. खाटेवर बसल्या आणि धाकटीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "थे बसते माह्याजवळ. तू चहा ठेवून चालली जातेस."

मी त्यांच्या बाजूला खाटेवर बसले, फोन घेतला आणि पासवर्ड टाकायला लागले. त्या माझ्या खांद्याला टेकून पडद्याकडे बघत होत्या. मला तो पाठ होता. तरी दोनदा मी मुद्दाम चुकीचा टाकला.