मावशीचं नाक

बुटांच्या कारखान्यात माझ्या मावशीच्या नाकाला भाव होता. ती तळ चिकटवायच्या टेबलावर बसायची. बुटाला आणि तळाला चिकट, उग्र वासाचं सोल्युशन लावायचं, थोडं सुकू द्यायचं, मग दाबून बसवायचं. घाई केली तर तळ सुटतो, उशीर केला तर धरतच नाही. बाकीच्या बायका बोटाने चाचपून बघायच्या. मावशी बूट नाकाशी न्यायची, एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "झालं." तिने बसवलेला तळ कधी सुटला नाही. मालक नव्या बायकांना सांगायचा, "हिच्याकडून शिका." आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

कारण त्या नाकावर संशय घेणार कोण? कुंपणानेच शेत खाल्लं. एक श्वास कामाचा, दुसरा जरा हलकं वाटावं म्हणून, तिसरा डोकं दुखतंय म्हणून. पुढे पुढे बोटं पुसायच्या ॲप्रनचा कोपराच ती सोल्युशनमध्ये भिजवून ठेवू लागली. बोलताना शब्द सापडेनात. पावलं बधिर झाली, पायातली चप्पल निसटली तरी कळेना. आम्ही काय करायचो, तर चेष्टा! बूट करणारी बाई अनवाणी घरी येते म्हणून हसायचो.

एका दुपारी ती कारखान्याच्या जिन्यात कोसळली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला समोर बसवलं.

"हे हुंगणं साधं समजू नका. एका खोल श्वासानेही हृदयाची लय बिघडू शकते आणि माणूस जागच्या जागी जातो. अगदी पहिल्या वेळीसुद्धा. या वाचल्या, इतकंच."

"आणि पाय?" आईने विचारलं.

"हुंगणं थांबलं तर हळूहळू सुधारतील. पूर्ण सुधारतीलच असं नाही. पण चिकटवायचं काम आता कायमचं बंद."

मावशी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहिली. ही तलफ घालवायची अशी एखादी गोळी नसते, हे तिथे कळलं. समुपदेशक बाई रोज तिला बोलतं करायच्या. तिथून सुटल्यावर ती आमच्याकडे आली.

आईने घरातली वासाची एकूण एक वस्तू बाहेर काढली. नेलपॉलिश गेलं, रंगाचा डबा गेला, डासांचा फवारा गेला, माझं अत्तरही गेलं. मावशीला चैन पडेना. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दाराशी, पुन्हा आत. झोप उडालेली. आणि आई सारखी तिच्या मागे. केस नीट करायच्या निमित्ताने वाकायची आणि हळूच तिचा वास घ्यायची.

एकदा मावशी भडकलीच. "ताई, माझं नाक तुला लागलं की काय?"

मला हसू फुटलं. आई मात्र रडायला लागली. "तू मरशील गं! मला दुसरी बहीण कुठून मिळणार?"

त्याच आठवड्यात मालकाचा निरोप आला. मोठं काम आलंय, तुमच्याशिवाय अडतंय, या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी "पाय मोकळे करून येते" म्हणून गेली. मी सहज दारामागे पाहिलं, तर कारखान्यातून आणलेली तिची हत्यारांची पिशवी तिथे नव्हती.

कारखान्यातल्या बायका एकमेकींच्या हत्यारांच्या पिशवीला हात लावत नाहीत. आईही एके काळी तिथेच कामाला होती. तिने अख्खं घर उपसलं, पण ती पिशवी उघडली नव्हती.

मी धावत सुटले. कारखान्याच्या फाटकाजवळच्या कठड्यावर मावशी बसली होती. मांडीवर ॲप्रन, हातात सोल्युशनची डबी, डोळे लाल.

"घेतलंस?"

"घेतलं. एकदाच. मग छातीत असं धडधडलं की ती डॉक्टरीणच डोळ्यांपुढे उभी राहिली." तिने डबी माझ्या हातात कोंबली. "झाकण घट्ट आहे का बघ. मला माझ्या हातांचा भरवसा नाही."

"आत जाणार होतीस?"

"जाणारच होते गं. खोटं कशाला बोलू? चल, मला हॉस्पिटलात ने."

मी रिक्षा केली. वाटभर ती माझं मनगट आवळून बसली होती. हॉस्पिटलात आधी तिचं हृदय तपासलं, मग समुपदेशक बाई आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, "आपणहून सांगायला आलात ना? मग उपचार चालूच आहेत." मावशीला पुन्हा वॉर्डात ठेवून घ्यायचं ठरलं.

"मालकाला सांग, दुसरं नाक शोधा," मावशी मला म्हणाली. मग घाईने माझा हात धरला. "नको नको. असं नको सांगू. सगळ्यांनी बोटानेच बघा म्हणावं. आणि खिडक्या उघड्या ठेवा."

माझा फोन मिळताच आई धापा टाकत आली आणि वॉर्डाच्या दारातच थबकली. तिचा चेहरा बघवत नव्हता. मावशीने दोन्ही हात पसरले.

"ये ताई. आज वास येईल. घे."

आई पुढे झाली, तिने मावशीला घट्ट कवटाळलं. मी अगदी शेजारी उभी होते. आईने श्वास रोखून धरला होता.