विसाव्याची जमीन

धोंडूबाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, असं शोकसभेत तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी गंभीरपणे सांगितलं. पाहुणे त्यांना कधी भेटले नव्हते. बाबा स्वतःच्या वयाबद्दल, बैलाच्या वयाबद्दल आणि तंबाखू सोडल्याबद्दल रोज खोटं बोलत. जमिनीबद्दल मात्र त्यांना ते कधी जमलं नाही.

मी पिंपळवंडीचा, बागायती गावातला. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा उतारावरची खडकाळ जमीन बघून विचारलं होतं, "बाबा, हिच्यात पिकतं काय?"

"गुरुजी, तुमची जमीन मोटारीवर चालती. आमची दमती. मंग आमी तिला बसू देतो."

महादेव कोळ्यांची ही जुनी रीत. एका तुकड्यात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी. त्यानंतर तो काही वर्षं पडीक सोडायचा आणि दुसऱ्यात जायचं. बाबांचे असे तीन तुकडे होते. आजोबांच्या काळापासून कसलेले, पण कागदावर सगळं जंगल.

वनहक्काचा दावा मीच लिहून दिला, तिन्ही तुकड्यांचा. वाडीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब जोडले. मोजणीला साहेब आले. त्यांचं यंत्र हातात धरून जेवढ्या जमिनीला फेरी मारायची, तेवढीच नोंदली जाणार होती. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले, वरईच्या तुकड्याला ऐटीत फेरी मारली आणि थांबले.

साहेबांनी पलीकडे बोट दाखवलं. "ते दोन तुकडेही तुम्हीच कसता ना?"

"न्हाई."

मी खोकलो. "बाबा, दाव्यात लिहिलंय आपण!"

"लिव्हलंय ते खरंच हाय. पन आत्ता ती बसलीया. उठंल तवा कसू."

"बाबा, जमीन कधी बसते का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमी खुर्चीत बसता, तवा तुमची नोकरी जाती का?"

साहेब मनापासून हसले. हसत हसतच त्यांनी दोन्ही तुकड्यांपुढे 'कसत नाही' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी पारूबाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. "येवडं मिरवत फिरलात, आजून दोन फेरं मारलं असतं तर पाय मोडलं असतं व्हय?"

"निजलेल्या मान्साला कुनी मोजतं का?" बाबा एवढंच म्हणाले. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझ्यासमोर बसले. "गुरुजी, माझं चुकलं का वो?" मी अपील लिहायला घेतलं.

अपिलाचं उत्तर यायच्या आत बाबा गेले. नंतर वनहक्काचा पट्टा आला, पारूबाईंच्या नावासकट, एका तुकड्याचा. तोवर त्यातली खुरासणी निघाली होती. पारूबाईंनी तो रीतीप्रमाणे पडीक सोडला आणि शेजारच्या, 'कसत नाही' लिहिलेल्या तुकड्यात नाचणी केली.

त्यांच्यावर अतिक्रमणाचा गुन्हा दाखल आहे.