रेश्मानं भिजवलेलं मैदान

मंडळी, डोकं अजून तापलंय. आज हर्सूलला बायकांच्या कबड्डीची फायनल होती. मी कप्तान.

आमची रेश्मा ट्रान्सजेंडर आहे. वजनकाट्यावर ती नियमात बसली, तरी सिल्लोडच्या टीमची कप्तान अडून बसली. "वजन ठीक हाय, पण ताकदीचं काय? माझ्या पोरीचं हाड मोडलं तर?"

तिची भीती खोटी नव्हती. पण पंचांनी विचारही केला नाही. "तिला बाहेर बसवा, नायतर टीम बाद!"

रेश्माच म्हणाली, "ताई, तुम्ही खेळा." आम्ही खेळलो. जिंकलो.

दुष्काळामुळं यंदा मैदानावर मारायला पाणी नव्हतं. सकाळी टँकरवाल्याशी भांडून, हंडे वाहून रेश्मानंच ती माती भिजवली होती, दोन्हीकडच्या पोरींचे गुडघे फुटू नयेत म्हणून.

आता सांगा, हा कप घेऊन तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?