आत सांगितलेलं नाव

पेडगावच्या प्रचारसभेत मी बोलत होतो. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली, समोर बऱ्यापैकी गर्दी, आणि तालुकाध्यक्ष म्हणून माझं नाव माईकवरून तीनदा घेऊन झालेलं. तेवढ्यात कुणीतरी हातात चिठ्ठी दिली. मला वाटलं, आटोपतं घ्या म्हणत असतील. चिठ्ठीत एवढंच होतं : 'झरीचे भुजंगअण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.' ते वाचूनही माझं तोंड थांबलं नाही. रस्ते, पाणी, शासनाच्या योजना... दोन-तीन वाक्यं मी तशीच बोलून गेलो, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग मी माईक सोडून खाली उतरलो आणि गाडीत बसून रडलो. आता महिना होऊन गेला, पण त्या टाळ्यांची लाज अजून गेलेली नाही.

माझ्या आधी अण्णा तालुकाध्यक्ष होते. आज आमचा पक्ष सत्तेत आहे म्हणून खुर्चीला भाव आहे. अण्णांनी ती धरली तेव्हा कुणी फुकट बसायला तयार नव्हतं. मी पेडगावात बियाण्याचं दुकान टाकून नुकता कुठे स्थिरावत होतो. एक दिवस हा उंच, काळा, खणखणीत आवाजाचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "मानिक, तुझ्याकडं दिवसभर शेतकरी येतेत. त्यांचं ऐकतूस का नुसतं इकतूस?" त्या दिवसापासून मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो तो पंचवीस वर्षं बसलो. गावोगाव बैठका घ्यायच्या. एका गावात तर आम्ही दोघं आणि ज्याच्या ओट्यावर बसलो तो, एवढीच बैठक. तरी अण्णांनी प्रास्ताविक केलं, मला भाषण करायला लावलं आणि शेवटी उभं राहून रीतसर आभार मानले. परतताना मी हसू लागलो तर म्हणाले, "हसायला काय झालं? उद्या तीनशे आल्यावर सवय नको का?"

तीनशे आले, तीन हजारही आले. सत्ता आली की माणसं येतात. दुसऱ्या पक्षातून गाड्या भरून लोक आमच्यात आले आणि प्रत्येकाला उमेदवारी हवी होती. अण्णा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि सांगायचे, "आधी जुन्या पोरायचं बघू." झालं. अण्णा आडमुठे, अण्णा थकले, अण्णांना नवं राजकारण कळत नाही, अशी कुजबुज सुरू झाली. कुजबुजणारे माझ्याच दुकानात बसत आणि चहा माझाच पीत. "तुमी व्हा अध्यक्ष, न्हाईतर बाहेरचा येऊन बसंल," असं ते म्हणायचे. मी नको नको म्हणायचो. पण नको म्हणताना बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

निवडणुकीआधी पक्षाने निरीक्षक पाठवले. परभणीच्या विश्रामगृहात साहेब एका खोलीत बसले, आणि एकेका पदाधिकाऱ्याने आत जाऊन अध्यक्ष म्हणून कोण हवं ते सांगायचं, अशी पद्धत. अण्णा बाहेर व्हरांड्यात. ज्यांच्याविषयी आत विचारलं जात होतं तेच बाहेर सगळ्यांच्या चहाची सोय बघत होते. आतून येणारा प्रत्येक जण वाकून पाया पडायचा आणि म्हणायचा, "तुमचंच नाव सांगितलं, अण्णा." अण्णा त्याच्या हातात कप द्यायचे.

माझी पाळी आली. साहेबांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "अण्णा आता थकलेत. दोनदा दवाखान्यात जाऊन आलेत. या निवडणुकीची धावपळ त्यांना झेपणार नाही." ते म्हणाले, "मग कोण?" मी म्हणालो, "पक्ष जी जबाबदारी देईल ती..." साहेब किंचित हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी बाहेर आलो. अण्णांनी मला काहीच विचारलं नव्हतं, तरी मीच बोललो, "तुमचंच सांगितलं, अण्णा." ते म्हणाले, "मला काय सांगायलास? चहा घे, गार व्हायलाय." सगळ्यांत शेवटी ते स्वतः आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

आठवड्याने माझ्या नावाचं पत्र आलं. पहिला फोन अण्णांचाच. "अध्यक्षसाहेब, अभिनंदन! घरी ये. तुझ्या वहिनीनं पुरन घातलंय." मला तो टोमणा वाटला. पंचवीस वर्षांत या माणसाने कुणाला टोमणा मारलेला मी ऐकला नव्हता, तरी वाटला. ज्याच्या मनात पाप असतं त्याला असंच ऐकू येत असावं. येतो म्हणालो आणि गेलो नाही. मग बॅनर छापले. त्यांवर खालच्या रांगेत अण्णांचा फोटो होता, पुढच्या छपाईत तोही नव्हता. मी पाहिलं आणि गप्प बसलो. एकदा झरीच्या स्टँडवर ते पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभे दिसले. माझ्या मागे चार गाड्या. काच खाली करून म्हणालो, "अण्णा, येतो एकदा निवांत." ते म्हणाले, "ये की. पर इलेक्शन होऊ दे आधी. आता पळ, लोकं वाट बघायलेत." ती आमची शेवटची भेट. त्यांना गाडीत घेऊन सोडावं, हेसुद्धा मला सुचलं नाही.

राख सावडायला सगळा जिल्हा लोटला होता. मीही श्रद्धांजलीचं भाषण केलं, चांगलं झालं म्हणे. पण वहिनींसमोर एकटं बसायचं धाडस मला परवा झालं. झरीच्या घरी बाहेरच्या खोलीत त्या माझ्यासमोर बसल्या, चहा दिला आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी पुरनपोळ्या करून वाट बघितली, तुमी आलातच न्हाई. लय खुशीत होते हो ते. परभनीहून आले तवाच म्हनले, मी मानिकचं नाव सांगून आलो, आता मी मोकळा. साहेबाला म्हनले, मानिक माझ्यासाठी भांडंल, त्याचं काय ऐकू नका. त्यालाच करा."

जे ते स्वतःहून मला देणार होते, त्यासाठी मी त्यांच्या पाठीत सुरा खुपसला होता. आणि 'मानिक माझ्यासाठी भांडंल' हे ते ज्या साहेबांना सांगत होते, त्यांनी तासाभरापूर्वीच माझं बोलणं लिहून घेतलं होतं! तरी ते अण्णांना काही बोलले नाहीत. म्हणजे अण्णा गेले ते हेच धरून गेले, की सगळे फिरले तरी मानिक फिरला नाही.

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "ते म्हनायचे, बाकीचे त्वांडावर गोड बोलले. खरं माझं नाव सांगनारा मानिक एकलाच." मी मान हलवली. देवाशपथ सांगतो, मी होकारार्थी मान हलवली.

उठताना भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे लक्ष गेलं. माझ्या निवडीची बातमी, फोटोसकट, पेपरातून नीट कापून अण्णांनी काचेच्या आतून लावली होती. ते ज्या खुर्चीवर बसायचे तिथून ती समोरच दिसते. मी म्हणालो, "वहिनी, ते काढा आता." त्या म्हणाल्या, "का? त्यांनी लावलंय, राहू द्या की." चपला घालून मी बाहेर पडलो.

अण्णांच्या घरी अजून पेपर येतो आणि रविवारची पुरवणी वहिनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून हे इथे लिहितोय. वहिनी, ते कात्रण काढून टाका. आत मी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं.