जड हब

११ नोव्हेंबर रोजी माझ्या धाकट्या बहिणीने चार हजार दोनशे तीस रुपये मोजून सायकलच्या मागच्या चाकाचा एक हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, विकत घेतला. डाव्या मनगटाचं प्लास्टर निघून तेव्हा नऊच दिवस झाले होते, आणि वयाची त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती.

तिला घरात भिंगरी म्हणतात. हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करून, मोजून पाकिटात बंद करायचं काम ती एकवीस वर्षं करते आहे. सुटली की मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये छोट्या चाकांची सायकल काढते. या खेळाला फ्लॅटलँड म्हणतात. उड्या नाहीत, उतार नाहीत; सपाट जमिनीवर तोल सांभाळत गिरक्या घ्यायच्या, आणि निम्म्या उलट्या दिशेने. साधी सायकल मागे गेली की पेडलंही उलटी फिरतात आणि पाय फसतात. फ्रीकोस्टर हब असला की चाक मागे जातं, पेडलं जागेवर राहतात. पुढे पेडल मारलं की आतला क्लच चाकाला पुन्हा धरतो.

सप्टेंबरात त्याने धरलं नाही. पेडल मोकळंच फिरलं आणि भिंगरी हातावर पडली.

आई तिच्याकडे राहते. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने माझ्यासमोरच निकाल दिला, "या घरात एक तर ती सायकल राहील, नाहीतर मी."

"मग बॅग भरू तुझी? दादाकडची वरची खोली रिकामी आहे."

"बघ रे, कशी बोलते! पुन्हा हातपाय मोडलेस तर कोण करणार तुझं?"

"दीड महिना एका हाताने तुझंही मीच केलं ना?"

आई माझ्याकडे वळली. "तू मोठा आहेस. सांग तिला काहीतरी."

मी सांगण्याऐवजी तक्ता केला. पाच हब, वजन, किंमत, वॉरंटी. सगळ्यांत हलका, दोन वर्षांच्या वॉरंटीचा हब लाल शाईने अधोरेखित केला. भिंगरीने तक्ता नीट वाचला.

"दादा, एक रकाना राहिला. उघडून परत बसवता येतो का?"

आम्ही दोघं दुकानात गेलो, तर दुकानदाराने तोच हलका हब काचेवर ठेवला. "ताई, सगळे हाच नेतात."

"उघडा."

"उघडला की वॉरंटी तुटते."

"तुटू दे. माझं तर मनगट तुटलंय."

तो कुरकुरत उघडू लागला. क्लच अॅल्युमिनियमचा होता, म्हणजे मऊ, लवकर झिजणारा. तिने त्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि बाजूला सारला. मग पोलादी क्लचचा एक जड, बोजड हब तिने स्वतः उघडला आणि तीन मिनिटांत परत जोडला. त्याची स्प्रिंगही सुटी मिळत होती. तेवढ्यात दुकानदाराने तिने सोबत आणलेला जुना हब उघडून पाहिला.

"ताई, हे ग्रीस कोणी ठासलं? इतक्या घट्ट ग्रीसमध्ये क्लच सरकणार कसा? घसरून घसरून कडा झिजल्यात."

भिंगरीचा चेहरा उतरला. ग्रीस तीच भरत होती, दर पंधरवड्याला, हत्यारं जपावीत तसं.

"म्हणजे हबचा दोष नाही, चूक तुझीच," मी म्हणालो. वाटलं, विषय मिटला.

"माझीच." तिने जुना हब पिशवीत टाकला. "हबची असती तर सोडलंही असतं, दादा. माझी आहे, म्हणजे मला सुधारता येईल. हा जड द्या हो."

"गिरकी घेताना वजन जाणवेल हां," दुकानदार म्हणाला.

"मी तरी कुठे हलकी आहे? घेऊ एकमेकांना सांभाळून."

ग्रीसची गोष्ट तिने घरी येताच आईला सांगून टाकली.

"तरी मी म्हणत होते!"

"तू ग्रीसबद्दल एक अक्षर म्हणाली नव्हतीस. रविवारी ये आणि बघ."

"काय बघायचं? पडणारच आहेस."

"लाव पैज."

"पन्नास," आई म्हणाली.

रविवारी सकाळी आई पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. नव्या हबवर तारा बांधलेलं चाक घालून भिंगरीने तीच गिरकी घेतली, जिच्यात मनगट गेलं होतं. सायकल उलटी फिरत गेली, पेडलं स्थिर राहिली. तिने पुढे जोर दिला. टक्. क्लचने धरलं. दुसऱ्यांदाही धरलं, तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी तोल गेला आणि तिने पाय टेकला.

"पडली!" आई ओरडली.

"टेकला. पडले नाही."

"माझ्या हिशेबी पडलीस."

"हिशेब दादाला विचार."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. टेकणं वेगळं आणि पडणं वेगळं, असं मी सांगितलं.

"दोघं एकाच माळेचे मणी," म्हणत आई उठली आणि खुर्ची स्वतःच उचलून चालू लागली.

सायकल त्या घरात आहे, आईही आहे. पैजेचे पन्नास आईने अजून दिलेले नाहीत.